परकं यकृत, आपली मूत्रपिंडं

1969 साली लॉस एंजेलिसच्या काही डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. यकृताच्या सिरोसिसने दगावलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं त्यांनी काढून घेतली आणि डायलिसिसवर जगणाऱ्या दुसऱ्या रुग्णांना बसवली. ज्यांची मूत्रपिंडं घेतली त्या रुग्णांना शेवटचे काही दिवस लघवी जवळजवळ होतच नव्हती. कागदोपत्री ती मूत्रपिंडं निकामी होती. नव्या शरीरात मात्र ती कामाला लागली. लघवी सुरू झाली, रक्तात साठलेला क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ उतरू लागला.

यकृत आणि मूत्रपिंड यांच्या नात्याचा इतिहास सांगायचा तर मला तो इथूनच सुरू करावासा वाटतो, कारण या प्रयोगाने शंभर वर्षांचं कोडं सोडवलं होतं. अमेरिकी वैद्य ऑस्टिन फ्लिंट यांनी 1863 मध्येच लिहून ठेवलं होतं की सिरोसिस आणि जलोदराचे रुग्ण लघवी बंद होऊन मरतात, पण शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं धडधाकट दिसतात. मेलेली दिसत नाहीत, तरी काम करत नाहीत, हे कसं? 1970 साली मरे एपस्टाइन आणि त्यांच्या बोस्टनच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांची क्ष-किरण चित्रं घेतली. जिवंतपणी त्या वाहिन्या आखडून, मणी ओवल्यासारख्या वाकड्यातिकड्या झालेल्या होत्या. मृत्यूनंतर त्याच मूत्रपिंडांत पुन्हा रंगद्रव्य सोडलं, तर वाहिन्या शेवटच्या टोकापर्यंत सहज भरल्या. आवळणारा हात सुटला होता.

हा हात यकृताचा. सिरोसिसमध्ये पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिथे साठून राहतं, आणि शरीराला वाटतं की रक्त कमी पडलं. मग ते मूत्रपिंडांकडे जाणारा प्रवाह आवळतं. नदीला पाणी भरपूर, पण कालव्याचं दार बंद, अशी ही अवस्था. डॉक्टरांच्या भाषेत ‘हिपॅटोरीनल सिंड्रोम’. लॉस एंजेलिसच्या प्रयोगात मूत्रपिंडं आजारी यकृतापासून दूर नेली आणि ती सुटली. याच्या उलट करून पाहण्याची संधी 1973 साली डेन्व्हरमध्ये मिळाली. शुनझाबुरो इवात्सुकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मूत्रपिंडं जागच्या जागी ठेवून यकृत बदललं, तरीही ती पुन्हा जिवंत होतात. नवं यकृत बसलं की लघवी सुरू.

इतकं सुंदर उत्तर वैद्यकात क्वचित मिळतं. आणि पुढच्या 30 वर्षांनी ते जवळजवळ उलटं करून टाकलं. यकृत बदललेल्या माणसाची मूत्रपिंडं वाचायला हवी होती. प्रत्यक्षात हजारो माणसांची मूत्रपिंडं यकृत बदलल्यानंतरच गेली. ती का गेली, आणि त्यात काविळीच्या विषाणूंचा वाटा काय होता, ही या लेखाची गोष्ट.

डेन्व्हरची सुरुवातच रक्ताने माखलेली होती. 1 मार्च 1963 रोजी थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचं मूल होतं, जन्मतःच पित्तनलिका नसलेलं. ते टेबलावरच रक्तस्रावाने गेलं. त्या वर्षीचे पुढचे रुग्णही काही दिवसांत गेले. सर्वांत जास्त जगलेला 23 दिवस. स्टार्झल यांनी हात आवरता घेतला आणि जुलै 1967 मध्ये पुन्हा सुरुवात केली. यकृताच्या कर्करोगाची एक लहान मुलगी तेव्हा वर्षाहून अधिक जगली. 2 मे 1968 रोजी केंब्रिजला रॉय काल्न यांनी आपलं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. त्यानंतरची दहा-बारा वर्षं मुख्यतः डेन्व्हर आणि केंब्रिज या दोन गावांनी हा दिवा तेवत ठेवला. वर्षभर जगणारे रुग्ण तिघांत एक, इतकंच यश. बाकीचे रिजेक्शनने (म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारल्याने), जंतुसंसर्गाने, रक्तस्रावाने जात. जो महिनाभर जगेल याचीच खात्री नाही, त्याच्या दहा वर्षांनंतरच्या मूत्रपिंडांची काळजी कोण करणार?

दिवस पालटले ते एका बुरशीमुळे. बाझलच्या सँडोझ कंपनीचे कर्मचारी सुट्टीवर गेले की येताना पिशवीत तिथली माती आणत, नवी प्रतिजैविकं सापडतील या आशेने. 1969 साली नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावरून आलेल्या मातीत जी बुरशी सापडली, तिच्यातलं द्रव्य प्रतिजैविक म्हणून फारसं कामाचं निघालं नाही. 1972 मध्ये मात्र सँडोझच्या प्रयोगशाळेत दिसलं की ते प्रतिकारशक्ती दाबतं, आणि तेही अस्थिमज्जेला फारसा धक्का न लावता. ज्यां-फ्रांस्वा बोरेल यांनी हे काम नेटाने पुढे नेलं. द्रव्याचं नाव सायक्लोस्पोरिन. काल्न यांच्या प्रयोगशाळेत आलकिस कोस्ताकिस नावाचे ग्रीक शल्यवैद्य होते. पाण्यात न विरघळणारं हे द्रव्य त्यांनी ऑलिव्ह तेलात मिसळून उंदरांना दिलं, आणि प्रत्यारोपण केलेली हृदयं कितीतरी जास्त दिवस टिकली. कंपनीला यात बाजार दिसत नव्हता. काल्न आणि डेव्हिड व्हाइट स्वतः बाझलला गेले आणि कंपनीचं मन वळवून आले.

प्राण्यांमध्ये या औषधाने मूत्रपिंडांना विशेष त्रास दिलेला नव्हता. 1978 मध्ये केंब्रिजच्या रुग्णांना ते शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज 25 मिलिग्रॅम या मात्रेत दिलं गेलं. आजच्या नजरेने हा आकडा अंगावर काटा आणणारा आहे. पण रुग्ण होते मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे, आणि इथे एक विलक्षण गोंधळ झाला. लघवी कमी झाली, क्रिएटिनिन वाढला, की डॉक्टरांना वाटे शरीर नवं मूत्रपिंड नाकारतंय. नाकारतंय म्हणजे औषध वाढवा. औषध वाढवलं की क्रिएटिनिन आणखी वाढे. आग विझवायला ओततोय ते पाणी नसून तेल आहे, हे ध्यानात यायला वेळ गेला. काल्न यांच्या गटाने ते ओळखलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं. 1979 च्या त्यांच्या 34 रुग्णांच्या अहवालात 32 मूत्रपिंडं, दोन स्वादुपिंडं आणि दोन यकृतं होती, म्हणजे काहींना दोन अवयव मिळाले होते.

स्टार्झल यांनी 1980 साली हे औषध स्टेरॉइडच्या जोडीने, मात्रा जपून, यकृताच्या रुग्णांना द्यायला घेतलं. पहिल्या 12 पैकी 11 जण वर्षापेक्षा जास्त जगले. तिघांपैकी एकावरून बारांपैकी अकरांवर! जून 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने यकृत प्रत्यारोपण आता प्रायोगिक राहिलेलं नाही असा निर्वाळा दिला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सायक्लोस्पोरिनला मान्यता मिळाली. स्टार्झल तोवर पिट्सबर्गला गेले होते. तिथे रात्रंदिवस शस्त्रक्रिया चालत आणि जगभरातून डॉक्टर शिकायला येत.

मग 1984 चा स्टॅनफर्डचा अहवाल आला. ब्रायन मायर्स आणि सहकाऱ्यांनी हृदय प्रत्यारोपणाचे रुग्ण तपासले होते. या निवडीतच सगळं मर्म आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणात वाद घालायला जागा होती, दोष औषधाचा की रिजेक्शनचा? हृदयाच्या रुग्णाची मूत्रपिंडं त्याची स्वतःची. जन्मापासूनची. ती त्याचं शरीर नाकारणार नव्हतं. तरीही वर्षभर सायक्लोस्पोरिन घेतलेल्यांची मूत्रपिंडं घटत होती, काहींची डायलिसिसपर्यंत. बायॉप्सीत व्रणांचे पट्टे दिसत होते, म्हणजे नुकसान मात्रा कमी केल्यावर भरून येणारं राहिलं नव्हतं. आता कोणाला दुसरीकडे बोट दाखवता येत नव्हतं. यकृताच्या रुग्णाचंही अगदी हेच: आत बसवलेलं यकृत परकं, मूत्रपिंडं आपली. परक्याला घरात ठेवून घ्यायचं म्हणून रोज जी किंमत मोजायची, ती आपल्यांच्या खात्यातून जात होती.

औषध बदललं तर? 1984 मध्येच जपानच्या फुजिसावा कंपनीला त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीतल्या जीवाणूत एक नवं द्रव्य सापडलं होतं, सायक्लोस्पोरिनपेक्षा कित्येक पटींनी प्रभावी. काल्न यांनी कुत्र्यांवरचे दुष्परिणाम पाहून सावध राहायला सांगितलं. स्टार्झल यांनी फेब्रुवारी 1989 मध्ये ते पहिल्यांदा माणसाला दिलं. सायक्लोस्पोरिन देऊनही ज्यांची यकृतं हातची जात होती त्यांना. ती यकृतं वाचली. आज टॅक्रोलिमस हे नाव प्रत्येक लिव्हर ट्रान्सप्लांटवाल्या घरात कुलदेवतेच्या नावासारखं तोंडात असतं. त्यातला पहिला ‘ट’ त्सुकुबाचा आहे. पण मूत्रपिंडं याच्याही हातून सुटली नाहीत. 1991 मध्ये स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेने कारण दाखवलं. नॉर्वेची बुरशी आणि जपानचा जीवाणू, दोघांची द्रव्यं वेगवेगळ्या वाटांनी जाऊन शेवटी एकाच विकराला, कॅल्सिन्यूरिनला, अडवतात. पांढऱ्या पेशींना जागं करणारं हे विकर मूत्रपिंडातही असतं. दार एकच असल्यामुळे दोन्ही किल्ल्यांनी आत तोच गोंधळ होणार होता.

आता विषाणूंकडे येतो. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना हिपॅटायटिसची दहशत यकृताच्या शल्यवैद्यांच्या आधीपासून माहीत होती. 1969–70 मध्ये एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत डायलिसिस आणि प्रत्यारोपणाच्या विभागात बी प्रकारच्या काविळीची साथ आली आणि रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. रक्त जिथे माणसातून यंत्रात आणि यंत्रातून माणसात फिरतं, तिथे रक्तातून पसरणारा विषाणू घर करणारच.

यकृत प्रत्यारोपणाला हा विषाणू वेगळ्या तऱ्हेने नडला. यकृत खराब झालंय बी विषाणूमुळे, ते काढून टाकलं, नवं बसवलं. पण विषाणू रक्तात आहेच. त्याला आयतं, ताजं, निरोगी यकृत मिळालं, आणि राखणदार पेशींना आपणच औषध देऊन झोपवलेलं. काही रुग्णांत पेशी विषाणूने इतक्या गच्च भरत की यकृत काही आठवड्यांत संपे. 1991 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातून या भयंकर प्रकाराचं वर्णन आलं. अमेरिकेतल्या कित्येक केंद्रांनी तर बी विषाणूच्या रुग्णांना प्रत्यारोपण नाकारायलाच सुरुवात केली. दान मिळालेलं यकृत इतकं मोलाचं, ते विषाणूच्या तोंडी का द्यायचं, हा त्यांचा हिशेब. त्या काळात यादीबाहेर ठेवले गेलेल्यांचा विचार मनातून जात नाही. आजार त्यांनी ओढवून घेतला नव्हता. अनेकांना तो जन्माच्या वेळी आईकडूनच आलेला होता.

उपाय युरोपात सापडला. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी आणि पॅरिसजवळच्या व्हिलजुइफ इथल्या हेन्री बिस्मथ व दिदिए साम्युएल यांच्या गटाने, लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून मिळणारी प्रतिपिंडं रुग्णांना दीर्घकाळ देऊन पाहिली. पहिला मोठा डोस देण्याची वेळ मोठी अर्थपूर्ण होती. जुनं यकृत बाहेर काढलेलं आणि नव्याला रक्त अजून जोडलेलं नाही, त्या मधल्या बिनयकृताच्या घटकेत 10,000 एकक शिरेतून सोडायचे. पाहुणा उंबऱ्यात येण्याआधी अंगण झाडून घ्यावं तसं. 1993 च्या युरोपीय अभ्यासात 372 रुग्ण होते. प्रतिपिंडं न दिलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत तीन वर्षांत विषाणू परतला, सहा महिने किंवा जास्त काळ दिलेल्यांत 36 टक्के. 1998 मध्ये लॅमिव्हुडिनची गोळी आली आणि दोन्ही मिळून बी विषाणू बहुतेकांत काबूत आला.

पण इथेही मूत्रपिंडाचं देणं चुकलं नाही. लॅमिव्हुडिनला विषाणू सरावतो. त्यासाठी 2002 मध्ये आलेलं अडेफोव्हिर 30 मिलिग्रॅमला जास्त परिणामकारक होतं, तरी मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून 10 मिलिग्रॅमवरच थांबवावं लागलं. त्यानंतरचं टेनोफोव्हिर फार चांगलं औषध, पण त्यालाही मूत्रपिंडाच्या नलिकांशी थोडं वैर आहेच. यकृतासाठी टॅक्रोलिमस, विषाणूसाठी टेनोफोव्हिर; दोघांचाही वरवंटा एकाच पाट्यावर.

सी विषाणूची कथा याहून लांब आणि याहून दुःखद. 1975 साली अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि स्टीफन फाइनस्टोन यांच्या लक्षात आलं की रक्त दिल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ ए नाही आणि बी पण नाही. तिला नावही ‘ना ए, ना बी’ असंच पडलं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि सहकाऱ्यांनी विषाणूचा जनुकीय धागा पकडला, तेव्हा कुठे रक्ताची चाचणी शक्य झाली. म्हणजे डेन्व्हर, केंब्रिज आणि पिट्सबर्गमध्ये एकेका शस्त्रक्रियेला डझनावारी बाटल्या रक्त चढत होतं, त्या सगळ्या वर्षांत या विषाणूसाठी रक्त तपासण्याची सोयच नव्हती. काहींना जुन्या यकृताबरोबर हा आजार आधीच होता, काहींना तो वाचवणाऱ्या रक्तातूनच मिळाला.

अमेरिकेत पुढे सी विषाणू हेच यकृत प्रत्यारोपणाचं सर्वांत मोठं कारण ठरलं. आणि प्रत्यारोपणानंतर तो परतला, जवळजवळ प्रत्येकात. नव्या यकृताला रक्त जोडल्यापासून काही तासांत संसर्ग होतो, महिनाभरात विषाणूंची संख्या आधीपेक्षा वर जाते. साध्या रुग्णाला सिरोसिसपर्यंत पोचायला विसेक वर्षं लागतात. इथे पाच वर्षांत चार-पाच जणांतला एक तिथे पोचे. डॉक्टर पुन्हा त्या जुन्या पेचात सापडले. यकृताच्या चाचण्या बिघडल्या, बायॉप्सी केली, पेशींच्या गर्दीवरून हे रिजेक्शन की परतलेली कावीळ हे सांगणं अवघड. रिजेक्शन समजून स्टेरॉइडचा मोठा डोस द्यावा, तर विषाणू उसळे. कावीळ समजून विषाणूविरुद्धचं इंटरफेरॉन द्यावं, तर रिजेक्शन चेतण्याची भीती. केंब्रिजला 1978 मध्ये मूत्रपिंडाबाबत जी चूक झाली, तिचं हे यकृतातलं जुळं भावंड.

हा विषाणू मूत्रपिंडांतही उतरतो. 1993 मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी दाखवलं की सी विषाणूच्या रुग्णांत विषाणू आणि प्रतिपिंडं यांचे पुंजके मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतात आणि त्या सुजतात. बी विषाणूबाबत असंच 1971 पासून माहीत होतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सी विषाणूमुळे यकृत बदलायला आलेल्या 30 रुग्णांची मूत्रपिंडं शस्त्रक्रियेच्या वेळीच तपासली. 25 जणांच्या गाळण्या आधीच बिघडलेल्या होत्या. त्यांच्यातल्या कित्येकांच्या नेहमीच्या तपासण्यांत याचा पत्ताही नव्हता. म्हणजे टॅक्रोलिमसची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच मूत्रपिंडं अर्धी दमलेली.

क्रिएटिनिनच्या आकड्याबद्दल इथे थोडं थांबायला हवं. हा पदार्थ स्नायूंतून येतो. सिरोसिसच्या माणसाचे हातपाय वाळलेले, पोट तेवढं जलोदराने फुगलेलं. स्नायूच नाहीत, तर क्रिएटिनिन कुठून वाढणार? रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं आणि घरचे सुस्कारा सोडतात, तेव्हा मूत्रपिंड निम्म्यावर आलेलं असू शकतं. 27 फेब्रुवारी 2002 पासून अमेरिकेत यकृत कुणाला आधी द्यायचं हे मेल्ड नावाच्या गुणांकनावर ठरू लागलं. मेयो क्लिनिकचे पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी ते घडवलं होतं. त्यात बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा वेळ आणि क्रिएटिनिन, हे तीनच आकडे. जो सर्वांत लवकर मरेल त्याला आधी, हे तत्त्व न्याय्य होतं आणि यादीवरचे मृत्यू त्याने कमी झाले. पण ज्यांची मूत्रपिंडं ढासळलेली ते त्यामुळे रांगेत पुढे आले, आणि यकृत व मूत्रपिंड एकदम बसवण्याच्या शस्त्रक्रिया झपाट्याने वाढल्या. बायकांच्या अंगात स्नायू कमी, म्हणून त्यांचा क्रिएटिनिन कमी, म्हणून गुण कमी, म्हणून त्या मागे राहिल्या. हा अन्याय गणितात भरून काढायला 2023 उजाडलं.

या साऱ्याचा हिशेब 2003 मध्ये एका ठिकाणी मांडला गेला. मिशिगन विद्यापीठाचे अकिनलोलू ओजो आणि सहकाऱ्यांनी 1990 ते 2000 या काळात मूत्रपिंड सोडून दुसरा अवयव मिळालेल्या 69,321 माणसांच्या नोंदी तपासल्या. यकृत मिळालेल्यांपैकी पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण 18.1 टक्के. सगळे अवयव मिळून ज्यांची मूत्रपिंडं गेली, त्यांचा मृत्यूचा धोका चौपटीहून अधिक. धोका वाढवणाऱ्या कारणांच्या यादीत वय होतं, मधुमेह होता, रक्तदाब होता, शस्त्रक्रियेआधीची मूत्रपिंडाची अवस्था होती, आणि हिपॅटायटिस सी होता. शल्यवैद्याच्या वहीत यशस्वी म्हणून नोंद असलेले रुग्ण मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या दारात उभे आहेत, हे पहिल्यांदाच इतक्या मोठ्या आकड्यांत दिसलं. मला या अभ्यासाचं मोल सर्वांत जास्त वाटतं. प्रत्येक विभाग आपापल्या अवयवाचा विजय मोजत होता. ओजो यांनी माणूस मोजला.

त्यानंतर गोधडी ओढण्याचा खेळ सुरू झाला. डोकं झाकावं तर पाय उघडे, पाय झाकावे तर डोकं. टॅक्रोलिमस उशिरा सुरू करायचं, मात्रा कमी ठेवायची, जोडीला मायकोफेनोलेट हे दुसऱ्या जातीचं औषध द्यायचं. किंवा काही आठवड्यांनी एव्हरोलिमस आणून टॅक्रोलिमस आणखी उतरवायचं. यातून मूत्रपिंडं थोडी वाचली, थोडं रिजेक्शन वाढलं, तेही बहुधा सावरता आलं. विषाणू तेवढा बसल्या जागेवरून हलत नव्हता. सी विषाणूसाठीचं रिबाव्हिरिन मूत्रपिंड कमी चालत असेल तर शरीरात साठून रक्तक्षय घडवी. 2011 मध्ये नवी गोळी आली, टेलाप्रेव्हिर. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात तिच्यामुळे शरीरात टॅक्रोलिमसचं प्रमाण सुमारे 70 पट चढलं. दोन्ही गोळ्या नेहमीच्या मात्रेत एकत्र दिल्या असत्या, तर विषाणू मरायच्या आधी मूत्रपिंडंच बसली असती.

डिसेंबर 2013 मध्ये सोफोसबुव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाली. टॅक्रोलिमसशी भांडण नाही, आणि जोडीला दुसरी नवी गोळी आली की इंटरफेरॉनशिवाय बारा आठवड्यांत बहुतेकांचा विषाणू कायमचा नाहीसा. पंचवीस वर्षं ज्याने प्रत्येक नवं यकृत गाठलं होतं, तो निघून गेला. अमेरिकेत 12 आठवड्यांची किंमत 84,000 डॉलर होती. सप्टेंबर 2014 मध्ये गिलियड कंपनीने सात भारतीय औषध कंपन्यांना 91 देशांसाठी ते बनवण्याचा परवाना दिला, आणि ते गरीब देशांच्या आवाक्यात आलं ते या भारतीय कारखान्यांमुळे. तरी एक दार बंदच होतं. सोफोसबुव्हिरचा चोथा मूत्रपिंडातून बाहेर पडतो, म्हणून ज्यांची मूत्रपिंडं फारच खालावलेली किंवा जे डायलिसिसवर, त्यांच्यासाठी त्याची शिफारस नव्हती. यकृतासाठी घेतलेल्या औषधाने ज्यांची मूत्रपिंडं गेली होती, नेमके तेच विषाणूच्या औषधापासून वंचित राहिले. 2016 आणि 2017 मध्ये यकृतावाटे बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आल्या आणि 2019 मध्ये सोफोसबुव्हिरवरची अटही अमेरिकेत उठली. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेला माणूस शेवटी रांगेत आला.

एक विषाणू राहिला, आणि तो आपल्या अधिक ओळखीचा. 1955–56 च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे 29,000 माणसांना कावीळ झाली. ती ई विषाणूची होती, हे कळायला कित्येक वर्षं गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत या विषाणूवर दीर्घकाळ काम झालं आहे. आपल्याकडचा प्रकार गढूळ पाण्यातून येतो, गरोदर बायकांच्या जिवावर उठतो, पण जातो तेव्हा पुरता जातो. तो शरीरात ठाण मांडत नाही, असंच सगळे शिकत आले होते. 2008 मध्ये फ्रान्सच्या तुलूझ गावातले मूत्रपिंडतज्ज्ञ नासिम कामार यांनी या समजाला धक्का दिला. अवयव मिळालेल्या 14 जणांना त्यांनी ई विषाणूचा संसर्ग झालेला पाहिला आणि त्यातल्या आठ जणांत तो गेलाच नाही. हा युरोपातला प्रकार होता, डुकराच्या नीट न शिजलेल्या मांसातून येणारा, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात त्याला मुक्काम मिळाला होता. प्रतिकारशक्तीची औषधं थोडी उतरवली, तर सुमारे तिघांत एकाचा विषाणू आपोआप जात होता. हे काम एका मूत्रपिंडतज्ज्ञाच्या हातून झालं, याचं मला विशेष वाटतं.

भारतात 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाल्यावर 1998 मध्ये दिल्लीत पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं, दोन वर्षांहून लहान अशा एका बाळाचं, वडिलांनी दिलेल्या यकृताच्या तुकड्यावर. आपल्याकडे आजही बहुतेक यकृतं अशी घरातूनच येतात, बापाकडून, बायकोकडून, मुलीकडून. सी विषाणू मागे पडतोय, बी साठी लस आहे. त्यांच्या जागी आता चरबी साठलेलं यकृत आणि दारूचं यकृत रांगेत पुढे आहे, आणि चरबीवाल्यांच्या घरी बहुधा मधुमेह आधीच राहायला आलेला असतो, म्हणजे मूत्रपिंडांची झीजही.

दर काही आठवड्यांनी यकृत बदललेला रुग्ण सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेत जातो. टॅक्रोलिमसची सकाळची गोळी त्याने खिशात ठेवलेली असते, रक्त दिल्याशिवाय घ्यायची नाही म्हणून. रक्त देतो, पाणी मागतो, गोळी घेतो. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. पहिल्या ओळीत टॅक्रोलिमसची पातळी, खाली कुठेतरी क्रिएटिनिन. ज्याने यकृत दिलं तो घरातला माणूस आधी वरचा आकडा बघतो. मग बोट सरकवत खालचा.